न आलेला वास

आमच्या सासरी माझ्या नाकाचा मोठा दबदबा होता. दूध फाटायच्या आधी थोरलीला कळतं, ज्वारीला ओल लागायच्या आधी थोरलीला कळतं, असं पाहुण्यारावळ्यांना कौतुकानं सांगितलं जायचं. थोरली म्हणजे मी, घरातली मोठी सून. सांगणाऱ्या माझ्या सासूबाई. मी चहाचे कप हातात घेऊन मान खाली घालायची, तर तेही माझ्या विनयात जमा व्हायचं. खरं म्हणजे माझं नाक अगदी साधं आहे. फोडणी करपली तर कळतं, तेही शेजारणीला कळल्यावर. ही ख्याती मला एका जनरेटरमुळं मिळाली, आणि ती मिळवताना मी सासूबाईंचं काय काढून घेतलं ते कळायला मला फार उशीर लागला.

मी अर्धापूरची, केळीच्या बागांच्या गावची. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा लातूरचा जिल्हा होऊन फार काळ लोटला नव्हता. जिकडंतिकडं नव्या कचेऱ्यांच्या पाट्या, भाड्यानं घर शोधणारे कारकून, आणि चहाच्या टपरीवरही ‘आता आपला जिल्हा हाय’ अशी ऐट. आमचं घर जुन्या गावातल्या एका बोळात होतं. पुढं मामंजींचं किराणा दुकान, मागं एकामागून एक खोल्या, शेवटी परस आणि परसाच्या भिंतीपलीकडं मागचा बोळ. माझे यजमान दुकानात बसायचे, धाकटे दीर जळकोटकडच्या आमच्या गावी शेती बघायचे, आणि एकुलती नणंद उदगीरला दिलेली. त्यात दुष्काळ पडला. नळ कोरडे झाले, टँकर यायला लागला, आणि वीज जी सकाळी जायची ती उन्हं उतरल्यावर उगवायची. मामंजी गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना म्हणायचे, ‘‘जिल्हा आला, साहेब आले. येताना पाणी तेवढं इसरले.’’

सासूबाई कपाळावर भस्माचे पट्टे ओढून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन रोज सकाळी पूजा करायच्या. दुष्काळात त्या पूजेचं पाणी चमच्याएवढं झालं, आणि तेही वाटीत धरून परसातल्या बेलाला घातलं जायचं. बोलायला फटकळ, पण नाक असं की ज्वारीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालायच्या, तळाची मूठ वर काढून नाकाशी न्यायच्या आणि सांगायच्या, ही कोठीतली, ही पेवातली, हिला पाऊस लागलाय. दुकानाचा माल त्यांनी मूठ हुंगल्याशिवाय मामंजी उतरवून घ्यायचे नाहीत. मला शिकवायचा त्यांनी प्रयत्न केला. मला सगळ्या मुठींचा वास एकच यायचा.

‘‘केळाच्या गावची पोर,’’ त्या म्हणायच्या. ‘‘हिला केळाबिगर कशाचा वास कळंना.’’

बायका हसायच्या आणि मला झोंबायचं. मी तशी तापट. वरून हूं की चूं करायची नाही, पण आत सगळं साठवून ठेवायची.

त्या दुष्काळातच मी पहिल्यांदा पेव उघडताना पाहिलं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं ज्वारीचं कोठार. वरून तोंड माणूस मावेल एवढंच, आत घागरीसारखं पोट. गावाकडं आमचं शेवटचं भरलेलं पेव होतं ते. तोंडावरची माती काढली, दगड सरकवला, आणि दीर उतरायच्या आधी सासूबाईंनी पेटता कंदील दोरीला बांधून स्वतःच्या हातानं आत सोडला. बंद पेवात हवा कोंडून विषारी होते, हे तिकडं सगळ्यांना ठाऊक. त्यांच्या माहेरी एक माणूस कंदील न सोडता उतरला होता, तो पुन्हा वर आला नाही. ‘‘वात सरळ उभी राहिली तर उतरावं,’’ त्यांनी मला सांगितलं. ‘‘इझली तर त्या दिवशी कुणीच उतरू न्हाई.’’ त्या दिवशी वात सरळ उभी राहिली. पोती वर आली, बैलगाडीत चढली, आणि त्यावर आमचं वर्ष निघालं.

पुढच्या उन्हाळ्यातही दुष्काळ सरला नव्हता, आणि वन्स पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्या. मुलगी झाली. बाळंतिणीची खोली म्हणजे मधली अंधारी खोली, दाराला जाड पडदा, खिडकीच्या फटींत फडकी कोंबलेली, कोपऱ्यात शेगडी आणि त्यावर ओवा अन् लसणाच्या सालांची धुरी. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून हा सगळा बंदोबस्त. आदल्या वर्षी त्याच खोलीत मी माझी धाकटी जन्माला घातली होती. वीज तेव्हाही जात होती. मला वारा घालायला एक ताडाचा पंखा होता, आणि तो माझा मलाच हलवावा लागायचा.

वन्सचा घाम मात्र कुणाला बघवेना. बाळाच्या अंगावर घामोळं उठलं तशी मामंजींनी फर्मान काढलं, जनरेटर आणा. आणला कुणी? माझ्याच भावानं, नांदेडमधल्या ओळखीच्या दुकानदाराकडून. हातात उचलून नेता येईल असा लहानसा जनरेटर, वरती मूठ, खाली दोन टाक्या. पेट्रोलवर दोरी ओढून सुरू करायचा आणि गरम झाला की रॉकेलवर घ्यायचा. यजमानांनी तो एसटीच्या टपावर बांधून लातूरपर्यंत आणला. माझ्या माहेरच्या ओळखीनं आलेलं मशीन नणंदेच्या पंख्याला लागणार होतं. मी भावाला पत्रात लिहिलं, फार छान आहे.

आता ते ठेवायचं कुठं? दुकानदारानं सांगितलं होतं, उघड्यावर ठेवा, धूर घरात येऊ देऊ नका. यजमानांनी परसात जागाही झाडली. पण सासूबाई आडव्या आल्या.

‘‘परसात? मागच्या बोळात बाया घागरी घेऊन टँकरच्या मागं पळायल्यात, रॉकेलला लाईन लावायल्यात, अन् आपण तेच रॉकेल जाळून पंखा फिरवायलोत, ते त्यांच्या कानावर घालायचं? कोणत्या तोंडानं बाहेर निघू मी?’’

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मलाही लाज वाटत होती. मग असं ठरलं की मशीन कोठीच्या खोलीत ठेवायचं. कोठीची खोली म्हणजे बाळंतिणीच्या खोलीला लागून असलेली धान्याची खोली; ज्वारी संपत आल्यामुळं ती जवळजवळ रिकामी होती. मधे एक झरोका होता, त्यातून पंख्याची वायर घेता येत होती. परसाकडं एक खिडकी होती, तिच्यातून धूर जाईल. आवाज भिंतींत राहील. सगळ्यांना पटलं.

तरी यजमान कुरकुरत होते. म्हणून सासूबाईंनी परीक्षा घेतली. मशीन सुरू केलं, दार लावलं, आणि बऱ्याच वेळानं पेटता कंदील नेऊन आधी कोठीच्या खोलीत जमिनीवर ठेवला, मग बाळंतिणीच्या खोलीत. आम्ही सगळे वातीकडं बघत उभे. वात सरळ, पिवळी, शांत.

‘‘बगा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘हवा चांगली हाय.’’

ज्या कंदिलानं पेवातून माणसं जिवंत वर आणली, त्याच्यावर अविश्वास कोण दाखवणार? मीही दाखवला नाही.

पंखा फिरायला लागला आणि माझं डोकंही. वन्स पंख्याखाली पडलेल्या, मी चुलीपाशी. वन्सना डिंकाचे लाडू, मला उरलेली कढी. हे सगळं बाळंतिणीचं हक्काचं आहे आणि मलाही आदल्या वर्षी ते मिळालं होतं, पंखा सोडून, हे मला तेव्हा आठवत नव्हतं. दोनचार दिवसांनी वन्स म्हणायला लागल्या, ‘‘वहिनी, डोकं लई दुखायलंय.’’ मळमळतंय म्हणाल्या. सासूबाईंनी सुंठ उगाळून लावली, दृष्ट काढली. मी मनात म्हटलं, पंख्याखाली झोपून डोकं दुखतंय, आता पाय चेपायला माणूस लागेल. संध्याकाळी वीज आली, मशीन बंद झालं की त्यांना बरं वाटायचं. तेव्हा तर माझी खात्रीच पटली की हे नखरे आहेत. सगळी माणसं घरी आली की बरं वाटतं म्हणजे काय?

त्या दुपारी टँकर नेहमीच्या ठिकाणी न थांबता मागच्या बोळात आला, आमच्या परसाच्या भिंतीला लागून. बायकांचा गलका सुरू झाला. सासूबाईंनी घागरी उचलल्या, आणि जाता जाता कोठीच्या खोलीत जाऊन परसाकडची खिडकी आतून लावून घेतली. ‘‘आवाज जायला नको बाहेर,’’ मला म्हणाल्या. ‘‘बाळंतिणीकडं ध्यान दे.’’ मामंजी आणि यजमान दुकानात होते.

मी परसाच्या दारात राखेनं भांडी घासत बसले होते. पाण्याचा एक थेंब न वापरता राखेनं भांडी घासायची आणि शेवटी ओल्या फडक्यानं पुसायची, असा तेव्हाचा नेम. माझी धाकटी स्वयंपाकघरात पोत्यावर झोपली होती, घामानं केस कपाळाला चिकटलेले. मधूनच किरकिर करायची. पलीकडं मशीनची घरघर चाललेली. वन्सनी सकाळपासून दोनदा डोकं दुखतंय म्हणून हाक मारली होती आणि मी दोन्ही वेळा ‘‘पडून राहा’’ म्हणून आले होते. काय झालं कोण जाणे, माझ्या पोरीच्या कपाळावरचा घाम पुसला आणि माझं टाळकं सटकलं. मी उठले, कोठीच्या खोलीत गेले आणि मशीनच्या रॉकेलची चावी फिरवून बंद केली. थोडं गुरगुरून ते थांबलं. कुणी विचारलंच तर रॉकेल संपलं म्हणून सांगायचं, हेही ठरवून टाकलं होतं. दार मी उघडंच टाकलं. धुरानं डोळे चुरचुरत होते. जरा होऊ दे घामाघूम, म्हटलं. कळू दे उन्हाळा काय असतो.

मग मी पुन्हा भांड्यांपाशी येऊन बसले आणि हाकेची वाट बघायला लागले. ‘वहिनी, पंखा बंद पडला’ अशी हाक येणार, आणि मी सावकाश उठणार. ती हाक मला ऐकायची होती. तांब्या घासला, परात घासली. हाक आली नाही. बाळाचं रडणंही नाही. पंखा बंद पडल्यावर ते बाळ रडलं नाही असं आजवर झालं नव्हतं. हे लक्षात आल्यावरही मी हातातलं पातेलं घासून पुरं केलं. आज मला स्वतःची सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या पातेल्याची.

पडदा सारून आत गेले तर वन्स कुशीवर पडलेल्या, ओठांच्या कोपऱ्यात ओकारी, गाल लालबुंद. हाक मारली, हलवलं, डोळे अर्धवट उघडले आणि पुन्हा मिटले. बाळ त्यांच्या काखेपाशी, अंग मऊ पडलेलं. मी बाळाला उचलून परसात धावले, बेलाखाली ठेवलं, आणि दुकानाकडं तोंड करून ओरडले. यजमानांनी आणि मामंजींनी वन्सना उचलून बाहेर आणलं. मागच्या बोळातून बायका भिंतीवरून डोकावल्या, आणि ज्यांच्यापासून आम्ही पंखा लपवत होतो त्यांच्यातल्याच एकीनं आपल्या भरलेल्या घागरीतलं पाणी वन्सच्या तोंडावर मारलं. उघड्यावर बाळानं एकदा बारीक रडून दाखवलं. तेवढ्यात सासूबाई परतल्या. त्यांच्या डोक्यावरून घागर कधी खाली पडली ते त्यांनाही कळलं नाही.

दवाखान्यात दोघींना नळीनं प्राणवायू दिला. संध्याकाळपर्यंत वन्स बोलायला लागल्या, बाळ प्यायला लागलं. बाहेरच्या बाकावर सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. मग म्हणाल्या, ‘‘थोरले, तुला कसं कळलं?’’

सगळे माझ्याकडं बघत होते. मामंजींच्या डोळ्यांत पाणी होतं.

‘‘वास आला, आत्या,’’ मी म्हणाले. ‘‘धुरीच्या वासातनं दुसराच वास आला. म्हणून मशीन बंद केलं.’’

इतकं सोपं होतं ते. सासूबाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि स्वतःच्या कपाळाला लावले.

नंतर डॉक्टरांनी मला आणि यजमानांना आत बोलावलं. बंद जागेत इंजिन चाललं की एक विषारी वायू तयार होतो, ते म्हणाले. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस झोपेतच जातो. त्याला रंग नसतो, वास नसतो. यजमानांनी कंदिलाचं सांगितलं तर ते म्हणाले, ‘‘पेवातली कोंडलेली हवा वेगळी, तिथं कंदील खरं सांगतो. इथं कंदील जळत राहतो आणि माणूस संपतो. मशीन घरात ठेवूच नका, खिडकी उघडी ठेवूनसुद्धा नाही.’’ यजमानांचं लक्ष अर्धं बाळाकडं होतं. घरी जाऊन त्यांनी एवढंच सांगितलं की मशीन बाहेर ठेवायचं आणि कंदिलाला काही कळत नाही. वास नसतो हे वाक्य त्या खोलीतून फक्त माझ्याबरोबर बाहेर आलं. मी ते कुणाला सांगितलं नाही.

जनरेटर परसाच्या पार टोकाला गेला, दारंखिडक्यांपासून लांब, तोंड बोळाकडं करून. मी त्याची चौकीदारच झाले. चालू असताना टाकी भरायची नाही, गार होऊ द्यायचा, वायर ओल्या जागेतून न्यायची नाही, पोरांनी जवळ जायचं नाही. यजमान मला मशीनची सासू म्हणायचे. आवाज सगळ्या गल्लीत जायचा. कुणी नावं ठेवली नाहीत. एका शेजारणीनं एवढंच विचारलं की टँकर उशिरा आला तर भिंतीवर एक दिवा लावाल का, अंधारात पाणी सांडतं. आम्ही लावला. ज्या लाजेपायी आम्ही मशीन आत कोंडलं तिला इतकंच उत्तर होतं.

सासूबाई मात्र बदलल्या. खिडकी त्यांनी लावली होती, कंदील त्यांनी ठेवला होता, आणि ज्या नाकावर सगळं घर चालायचं त्या नाकाला काही कळलं नव्हतं. केळाच्या गावच्या सुनेला कळलं होतं. ‘‘माझं नाक गेलं,’’ त्या सहज सांगायच्या, गुडघे गेले म्हणतात तसं. तो कंदील त्यांनी गावाकडं पाठवून दिला. दूध तापवायच्या आधी भांडं माझ्यापुढं धरायच्या. तूप माझ्यापुढं. दुकानात नवं पोतं उतरलं की, ‘‘थोरलीला बोलवा.’’ मी मूठ नाकाशी न्यायची, चेहरा गंभीर करायची आणि अंदाजानं काहीतरी बोलायची. एकदा माझ्या भरवशावर कुबट ज्वारी घरात आली. महिनाभर भाकरी कडवट लागत होती. घरात सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. सासूबाई मुकाट जेवत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘‘तू बघून घेतलीस ना? मग माझ्याच जिभेला काय झालं असंल.’’

तेव्हा सांगायला हवं होतं. ताटावरून उठून, त्याच क्षणी. मी त्यांना आणखी ताक वाढलं. वन्स उदगीरहून माझ्यासाठी साड्या पाठवायच्या आणि लेकीला शिकवायच्या, ही मामी नसती तर तू नसतीस. पोर माझ्या गळ्यात पडायची. मला ते प्रेम सोडवेना. सासूबाईंनी एकदाचं मला मानलं होतं, तेही सोडवेना.

पुढं पाऊस झाला, पिकलं. गावाकडं पेव पुन्हा भरलं. वन्सची लेक पळायला, बडबडायला लागली तेव्हाच्या उन्हाळ्यात आम्ही सगळे पेव उघडायला गेलो. एरवी तोंड उघडून दिवसभर हवा खेळू देतात. त्या दिवशी गाडी परत द्यायची म्हणून दिरांना घाई होती. दगड सरकवला आणि ते कमरेला दोर बांधायला लागले. कुणीतरी कंदील आणला. तोच कंदील.

‘‘ठिव त्यो,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘खोटं बोलतो त्यो. माझी लेक गेली असती त्याच्यापायी. थोरली हाय की. थोरले, वाकून वास घे.’’

मी पेवाच्या तोंडाशी गुडघे टेकले. खालून उबट, आंबूस, जुन्या ज्वारीचा वास येत होता. त्यातून मला काय कळणार? दीर काठावर बसून एक पाय आत सोडत म्हणाले, ‘‘वहिनी, बरी हाय का हवा? उतरू?’’ त्यांच्या आवाजात जराही शंका नव्हती. मी हाव म्हटलं असतं तर ते उतरले असते. वन्स शेजारी उभ्या होत्या, त्यांची लेक माझा पदर धरून खाली डोकावत होती.

‘‘उतरू नका,’’ मी म्हणाले. ‘‘आत्या, कंदील सोडा. मला वास कळत न्हाई.’’

‘‘म्हंजे?’’

‘‘कवाच कळत नव्हता. त्या दिवशी मला कसलाच वास आला न्हाई. त्या हवेला वासच नसतो, डॉक्टर म्हणाले होते. तुमचं नाक गेलेलं न्हाई, आत्या. अन् पेवात कंदील खरंच सांगतो.’’

सासूबाई माझ्याकडं वळल्या. ‘‘मग मशीन कशापायी बंद केलंस?’’

दुसरं काहीतरी सांगता आलं असतं. तोवर मला त्याची सवय झाली होती. पण दिरांचा पाय अजून पेवात लोंबकळत होता.

‘‘वन्सना घाम यावा म्हणून,’’ मी म्हणाले. ‘‘मला पंखा नव्हता, त्यांना होता, म्हणून.’’

दिरांनी पाय वर घेतला. वन्सनी माझ्या पदरातली लेकीची मूठ सोडवली, तिला उचलून कडेवर घेतलं आणि जाऊन गाडीच्या सावलीत उभ्या राहिल्या.

सासूबाईंनी कंदील स्वतः पेटवला. दोरी बांधली, आणि पूर्वीसारखाच हळूहळू आत सोडला. अर्ध्यावर जायच्या आतच वात लहान झाली, निळी झाली आणि विझली. आम्ही सगळे त्या काळ्या तोंडाकडं बघत राहिलो. दिरांनी मागं सरून कमरेची गाठ सोडली. त्या दिवशी कुणीच उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशी हवा खेळली, वात सरळ उभी राहिली, पोती वर आली. सासूबाई रात्रभर माझ्याशी बोलल्या नव्हत्या. वन्सही नाही. मी लांब, गोठ्याच्या भिंतीला टेकून बसले होते. सासूबाई शेवटी वर आलेल्या पोत्यापाशी बसल्या आणि त्याचं तोंड सोडून नुसत्या बघत राहिल्या. मग बाही सारून कोपरापर्यंत हात आत घातला, तळाची मूठ वर काढली आणि नाकाशी नेली. डोळे मिटले होते. इतक्या दिवसांत मी त्यांना तसं करताना पाहिलं नव्हतं, आणि ते मीच बंद पाडलं होतं.

‘‘बुडाची हाय,’’ त्या दिरांना म्हणाल्या. ‘‘ओल धरायली. हे पोतं आधी संपवा.’’

मग त्यांनी मला हातानं खूण करून बोलावलं. मी जाऊन समोर बसले. ती मूठ त्यांनी माझ्या ओंजळीत ओतली.

‘‘काय येतंय?’’

मी ओंजळ नाकाशी धरली. खूप वेळ धरली. मला रडू येत होतं आणि त्यांच्यापुढं रडायची माझी हिंमत नव्हती.

‘‘काहीच येत न्हाई, आत्या.’’

‘‘हाव,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुला कवाच येत नव्हता.’’ आणि त्यांनी दुसऱ्या पोत्यात हात घातला.